सेनापति डग्लस हेग आणि त्यांचे अपंग शिपाई

लढाया जिंकणाऱ्या सेनापतींचीं चरित्रें पुष्कळ आहेत. परंतु लढाई संपल्यावर आपल्या जायबंदी शिपायांची आठवण ठेवणारे सेनापति थोडेच. अशांपैकीं एकाची ओळख आम्ही आमच्या वाचकांस करून देत आहों.

डग्लस हेग यांचा जन्म ता. १९ जून १८६१ रोजीं एडिंबरो येथें एका सधन कुटुंबांत झाला. ऑक्सफर्ड व सँडहर्स्ट येथें शिक्षण घेऊन ते १८८५ सालीं घोडदळांत शिरले. सुदान, दक्षिण आफ्रिका व हिंदुस्थान येथें त्यांनीं नोकरी केली. मार्च १९१५ मध्यें फ्रान्समधील न्यव्ह शापेलच्या लढाईंत त्यांच्या हाताखालीं हिंदी पलटणीही लढल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेथील सर्व ब्रिटिश सैन्याचें आधिपत्य त्यांजकडे आलें.

ता. १ जुलै १९१६ रोजीं त्यांच्या हुकमानें सोम नदीकांठीं चढाई झाली. त्या एका दिवशीं ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० लोक कामीं आले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पैकीं १९,२४० मृत होते. या संहाराचा दोष हेग यांजकडे किती, याविषयीं इतिहासकारांचें अद्यापि एकमत नाहीं. आणि तो झांकण्याचा आमचाही हेतु नाहीं.

१९१८ सालीं युद्ध थांबलें. सरकारनें देऊं केलेली सरदारकी हेग यांनीं अपंग सैनिकांच्या निर्वाहाची तजवीज होईपर्यंत घेण्याचें नाकारलें. पुढें १९१९ मध्यें अर्ल ही पदवी व एक लक्ष पौंडांची देणगी त्यांनीं स्वीकारली खरी. परंतु शिपायांचा प्रश्न सोडला नाहीं. सरकारी पेन्शन तुटपुंजें असे. हातपाय गमावलेल्यास काम मिळणें कठीण, आणि १९२१ च्या बेकारींत तर धडधाकटांसही तें मिळेना. घरीं बायकामुलांची उपासमार होई.

माजी सैनिकांच्या चार निरनिराळ्या संस्था होत्या. त्या एक होऊन ता. १५ मे १९२१ रोजीं ब्रिटिश लीजन स्थापन झाली. अधिकारी व साधा शिपाई एकाच संस्थेंत असावेत, असा हेग यांचा आग्रह होता. ते मरेपर्यंत तिचे अध्यक्ष राहिले. त्याच वर्षीं ११ नोव्हेंबरला, युद्ध थांबल्याच्या दिवशीं, रणभूमीवर उगवणाऱ्या लाल पॉपीचीं कापडी फुलें विकून एक लक्ष सहा हजारांवर पौंड जमले. तो पैसा अपंगांच्या, विधवांच्या व मुलांच्या साह्यार्थ गेला. १९२२ सालीं लंडनमध्यें फुलें करण्याचा कारखाना निघाला. तेथें पांच अपंग सैनिकांनीं आरंभ केला. भिक्षेऐवजीं कष्टाची भाकर मिळूं लागली.

ता. २९ जानेवारी १९२८ रोजीं हेग वारले. ड्रायबर्ग येथील त्यांच्या कबरीवर शिपायांच्या कबरींवर असतो तसाच साधा दगड आहे.

विद्यार्थिमित्रहो, मेलेल्यांची भरपाई कोणासही करतां येत नाहीं. परंतु ज्यांस आपण हुकूम केला, त्यांची चूल पेटते कीं नाहीं हें पुढें आपणच पाहिलें पाहिजे. तुम्हांपैकीं जे उद्यां चारचौघांचे पुढारी होतील, त्यांनीं हें विसरूं नये.