नासलेल्या पिंपाचा वैद्य

जूचंद्रला राहणाऱ्या माझ्यासारख्याला ताडी आंबण्याचे नवल नाही. सकाळची गोड नीरा दुपारी फेसाळते, संध्याकाळी तोंड वाकडे करायला लावते. पण असे का होते, याचा छडा लावला लुई पाश्चर या चामडी कमावणाऱ्याच्या मुलाने.

१८५६ साली फ्रान्समधील लील शहरात एका कारखानदाराचे बीटपासूनचे मद्य नासू लागले. पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शक लावला. चांगल्या पिंपात यीस्टचे गोल कण, नासलेल्यात काड्यांसारखे जंतू! पुढे १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला. जर्मनांना निदान बिअरमध्ये तरी हरवायचे, म्हणून ते तिच्या मागे लागले. गंमत अशी की, बिअरची त्यांना स्वतःला फारशी गोडी नव्हती! बिअर आंबते, तिला तार सुटते, घाण वास येतो तो परके जंतू शिरल्याने, हे त्यांनी १८७६ च्या ग्रंथात मांडले. परदेशातला माझा भाचा तयार माल्टच्या डब्यातून घरी बिअर करतो. ती बिघडली की आधी भांडी आणि नळ्या तपासतो, ते याचमुळे.

मला मात्र पाश्चर यांच्या घराचा विचार सुटत नाही. १८५९ ते १८६६ या काळात त्यांच्या तीन मुली गेल्या, दोघी विषमज्वराने. पिंप नासवणारे जंतू असतात, तसे माणसाला आजारी पाडणारेही असतील, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. १८६८ मध्ये पक्षाघाताने डावे अंग लुळे पडले, तरी काम थांबले नाही. जुलै १८८५ मध्ये पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्यांच्या देखरेखीखाली लस टोचली गेली. पोरगा वाचला.