हजारो लेकींचे अण्णा

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे एक प्राध्यापक १९०० च्या सुमारास रोज सायंकाळी चार मैल पायपीट करून हिंगण्याला जात. तेथे माळरानावरच्या एका झोपडीत काही विधवा स्त्रिया शिकत होत्या. त्यांना शिकवायचे, रात्री तेथेच मुक्काम करायचा आणि सकाळी पुन्हा चालत महाविद्यालय गाठायचे, असा धोंडो केशव कर्वे यांचा क्रम होता.

कोकणातील मुरूडच्या गरीब घरात १८५८ साली जन्मलेले कर्वे शिक्षणासाठी पडतील ते कष्ट करीत वाढले. परीक्षेला बसण्यासाठी सह्याद्री ओलांडून ते पायी साताऱ्याला पोहोचले, पण वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. १८८४ साली ते मुंबईत पदवीधर झाले. कमाई सुरू होताच त्यांनी आपल्या गावासाठी 'मुरूड फंड' उभारला.

याच गावाने पुढे त्यांना वाळीत टाकले. पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली निवर्तल्या. विधुराने कुमारिकेशी लग्न करावे, ही तेव्हाची रीत होती. कर्वे यांनी १८९३ साली शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला. त्यानंतर मुरूडला गेले असता सख्ख्या आईच्या घरीही त्यांना सुखाने राहता येईना. त्यांनी गावावर राग धरला नाही आणि आपला निर्णयही बदलला नाही.

पुनर्विवाहाने मोजक्याच स्त्रियांचा प्रश्न सुटेल, शिक्षणाने मात्र प्रत्येकीला स्वतःच्या पायावर उभे राहता येईल, हे त्यांनी ओळखले. त्यातून १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू झाला आणि १९०७ साली महिला विद्यालय. १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, मातृभाषेतून उच्च शिक्षण देणारे महिला विद्यापीठ त्यांनी मूठभर विद्यार्थिनींनिशी स्थापन केले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले.

या त्यागाची किंमत घरानेही मोजली. साठवलेले पैसे आणि आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा अण्णांनी आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा लहान मुलांच्या आईला संताप आला असल्यास नवल नाही. गोदूबाई, म्हणजेच बाया कर्वे, यांनी सुईणीचे शिक्षण घेतले, काटकसरीने संसार ओढला आणि आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली. आपले अनुभव त्यांनी 'माझे पुराण' या आत्मकथनात परखडपणे मांडले आहेत. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले यांनी तर आश्रमालाच आयुष्य वाहिले. अण्णांच्या मोठेपणात या दोघींचा वाटा फार मोठा आहे.

मुलांनीही आपापली वाट निवडली. रघुनाथरावांनी संततिनियमनाच्या प्रसारासाठी समाजाचा रोष पत्करला, शंकरराव आफ्रिकेत डॉक्टर झाले, दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, तर भास्करराव हिंगण्याच्या कार्यात रमले. सून इरावती कर्वे यांनी या अबोल सासऱ्यांविषयी जिव्हाळ्याने, पण भाबडेपणा टाळून लिहिले. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या त्यांच्या नाती लेखिका म्हणून नावारूपाला आल्या.

उतारवयातही आजोबा स्वस्थ बसले नाहीत. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केले आणि वर्गणीसाठी पुन्हा दारोदार हिंडू लागले. १९४४ साली जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. बाया १९५० साली गेल्या. अण्णांना शंभराव्या वर्षी, १९५८ साली, भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले, तेव्हा त्यांचे वय एकशे चार वर्षांचे होते.

हिंगण्याचा तो माळ आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो आणि मुंबई-पुण्यातील रस्त्यांना त्यांचे नाव आहे. पण त्यांचे खरे स्मारक त्या घरांत आहे, जेथे आश्रमात शिकून शिक्षिका किंवा परिचारिका झालेल्या एखाद्या आजीने पुढच्या पिढीतील मुलीला शाळेत घातले आणि तिच्या शिक्षणासाठी कोणापुढे हात पसरण्याची वेळ येऊ दिली नाही.