डायोडचा विसरलेला भारतीय धागा : जगदीशचंद्र बोस

जुन्या पॉवर सप्लायमधला रेक्टिफायर डायोड उडाला, की लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांत नवा मिळतो. न्हावा शेवाला कंटेनरमधून उतरणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्येही डायोड असतोच. पण अर्धवाहक उपकरणाचं पहिलं पेटंट एका भारतीयाचं मानलं जातं, हे ठाऊक आहे का?

१८५८ साली जन्मलेले जगदीशचंद्र बोस कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायचे. इंग्रज प्राध्यापकांपेक्षा कमी पगार मिळतो, म्हणून त्यांनी तीन वर्षं पगारच घेतला नाही. शिकवणं मात्र सुरूच ठेवलं. पुढे त्यांनी गॅलेना स्फटिकानं रेडिओलहरी पकडल्या. पेटंट घेणं त्यांना पटत नव्हतं. स्नेह्यांच्या आग्रहामुळे १९०१ मध्ये अर्ज झाला आणि १९०४ मध्ये अमेरिकेनं ते दिलं. बोस यांनी त्यातून पैसा कमावला नाही. १९३७ मध्ये त्यांचं निधन झालं.