गोखल्यांची माफी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आला तेव्हा शाळेच्या आठवणी लिहायच्या असे मनात होते. पण त्या तुम्ही सगळे माझ्यापेक्षा रंगवून लिहाल. मी पडले सॉफ्टवेअरवाली, वीस-बावीस वर्षे कोड आणि ईमेल यांपलीकडे फारसे काही लिहिलेले नाही. म्हणून शाळेनेच ओळख करून दिलेल्या एका माणसाविषयी लिहिते. तो आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातला, आणि दोन वर्षांपूर्वी मला अचानक उपयोगी पडलेला.

सातवीत प्रार्थना झाल्यावर बाईंनी गोपाळ कृष्ण गोखले यांची गोष्ट सांगितली होती, आठवते? छोट्या गोपाळची सगळी गणिते बरोबर आली, गुरुजींनी शाबासकी दिली, तर हा रडायला लागला. कारण एक गणित त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवले होते. आपण मागच्या रांगेत तोंडावर हात ठेवून हसलो होतो. गृहपाठ सकाळी घंटा व्हायच्या आधी कोणाच्या वहीतून उतरायचा, हे आपल्याला पक्के माहीत होते! थोर माणसांच्या बालपणी अशा आख्यायिका असायच्याच. पण याच गोपाळच्या आयुष्यात पुढे एक खरीखुरी परीक्षा आली. ती बाईंनी सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल तर आपले लक्ष नव्हते.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६चा, गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावचा. वडील कृष्णराव कागलला नोकरीला होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना ते गेले. थोरला भाऊ गोविंद तेव्हा अठराचा. त्याने शिक्षण सोडले, महिना १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये तो धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागला. उरलेल्या ७ रुपयांत घर चालायचे. या ८ रुपयांचा हिशोब गोपाळने जन्मभर डोक्यात ठेवला असावा. पैसा कुणाच्या ताटातून आला आहे हे विसरायचे नाही, ही सवय त्यांच्या पुढच्या सगळ्या भाषणांत दिसते.

१८८४ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए झाले. वय अठरा. त्या काळी बीए झालेल्या मुलाला सरकारी नोकरी सहज मिळाली असती. ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर मास्तर झाले. मग डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले आणि १९०२पर्यंत फर्ग्युसन कॉलेजात शिकवत राहिले. गणित, इंग्रजी, इतिहास, जो विषय अडेल तो शिकवायचा. शाळेसाठी त्यांनी अंकगणिताचे पुस्तकही केले. आपल्या गणिताच्या सरांना हे वाचून बरे वाटेल.

सार्वजनिक कामात त्यांना घडवले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे काढायचे, अर्ज लिहायचे, आणि एकही विधान पुराव्यावाचून करायचे नाही, अशी ती तालीम होती. चुकलेला मसुदा रानडे परत पाठवायचे. आमच्याकडे कोड रिव्ह्यू म्हणतात तसलाच प्रकार, फक्त जास्त कडक. त्या शिस्तीत तयार झालेले गोखले १८९७च्या वसंतात इंग्लंडला गेले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे त्यांची साक्ष होती. वय तिशीचे. साक्ष उत्तम झाली, उलटतपासणीत ते डगमगले नाहीत. सगळीकडे कौतुक झाले.

आणि नेमक्या त्याच मुक्कामात त्यांच्या हातून चूक झाली.

पुण्यात तेव्हा प्लेग होता. फेब्रुवारी १८९७ पासून प्लेग समितीचा प्रमुख म्हणून रँड हा अधिकारी आला होता. गोरे शिपाई घरोघर शिरून रोगी शोधायचे, सामान बाहेर काढायचे, माणसे छावणीत न्यायचे. देवघर, माजघर काही पाहायचे नाही. लोक हवालदिल झाले होते. गोखल्यांना पुण्याहून विश्वासातल्या माणसांची पत्रे येत होती. त्यांत भयंकर मजकूर होता. शिपायांनी दोन बायकांवर अत्याचार केले आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. गोखल्यांनी हे मँचेस्टर गार्डियनच्या वार्ताहराला सांगितले. ते छापून आले आणि प्रश्न थेट पार्लमेंटात गेला. मुंबईच्या गव्हर्नरांनी चौकशी करून हा आरोप खोटा असल्याचे कळवले. मधल्या काळात, २२ जूनला, चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली होती. सरकार खवळलेले होते, पुण्यात धरपकड चालू होती, २७ जुलैला टिळकांना अटक झाली.

अशा वेळी, जुलै संपताना, गोखल्यांची बोट मुंबईला लागली. आता त्यांना पुरावा द्यायचा होता. ज्यांनी पत्रे लिहिली होती ती माणसे घाबरली होती. घाबरणारच, त्या दिवसांत सरकारच्या विरोधात तोंड उघडणे म्हणजे तुरुंगाची वाट. गोखल्यांनी शोध घेतला, पण त्या दोन बायकांविषयी सिद्ध करता येईल असे काही हाती लागले नाही.

त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून मोकळे व्हायचे. दुसरी, गप्प बसायचे. लोक त्यांच्या बाजूनेच होते, थोड्या दिवसांत सगळे विसरले असते. त्यांनी तिसरी धरली. ऑगस्टच्या सुरुवातीला वर्तमानपत्रातून त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. गव्हर्नरांची, प्लेग समितीच्या सदस्यांची आणि शिपायांची. आरोप छापून केला होता, तसा तो छापूनच मागे घेतला. आणि पत्रे कोणाची, हे शेवटपर्यंत सांगितले नाही.

या माफीने त्यांच्या वाट्याला फक्त नाचक्की आली. इंग्रज वर्तमानपत्रांनी खोटारडा ठरवले, आपल्या लोकांनी भेकड ठरवले. टिळक तुरुंगात आणि हा माफी मागतो, असा तो प्रसंग दिसत होता. शिपायांचा जाच तर खरा होता, घरोघरच्या लोकांनी भोगला होता. मग नमायचे कशाला? पण जाच खरा असणे आणि अमुक दोन बायकांवर अमुक गुन्हा झाला असे म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला साक्षीदार हजार होते, दुसरीला एकही पुढे येत नव्हता. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायचे, मग ते आपल्या बाजूचे का असेना, एवढा साधा नियम त्यांनी पाळला. त्या वर्षीच्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा गोखल्यांनी तिथे बोलावे हेसुद्धा अनेकांना नको होते.

त्यांनी रुसून घर धरले नाही. पुण्यात पुन्हा प्लेग आला तेव्हा ते स्वयंसेवकांबरोबर रोग्यांच्या मदतीला उतरले. १८९९ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून आले. तिथून कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले आणि मार्च १९०२ मध्ये त्यांचे पहिले अंदाजपत्रकावरचे भाषण झाले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक दिसत होती. ती भरभराटीची खूण नसून दुष्काळाने खंगलेल्या लोकांवर जास्त कर बसवल्याचा परिणाम आहे, हे त्यांनी सरकारचेच आकडे मांडून दाखवले. मिठावरचा कर कमी करा, हा धोशा त्यांनी सोडला नाही. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. गोखले आकडा बोलले तर तो तपासलेला असतो, हे विरोधकही मानू लागले. मला वाटते, या विश्वासाचा पाया त्या माफीतच घातला गेला होता. चुकीचे वाक्य मागे घेणाऱ्याच्या बाकीच्या वाक्यांवर लोक भरवसा ठेवतात.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. देशकामालाच आयुष्य द्यायचे, मिळेल त्या मोजक्या मानधनात भागवायचे, कोणाशी वैयक्तिक भांडण करायचे नाही, अशा शपथा तिथे घ्यायच्या असत. त्याच वर्षी ते बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याच्या दिशेने पहिले पाऊल टाकणारे विधेयक मांडले. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. पडणार हे त्यांना आधीच दिसत होते, तरी मांडले. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात लागू झाला तो २०१० मध्ये. आपल्या शाळेतल्या ज्या शिक्षकांनी शाळा सोडलेल्या मुलांना घरी जाऊन परत आणले, ते याच रांगेतले.

गोखले निर्दोष होते असे नाही. पहिली पत्नी हयात असताना, घरच्यांच्या आग्रहाने, त्यांनी दुसरे लग्न केले होते. समाजसुधारणेची बाजू घेणाऱ्या माणसाला हे शोभले नाही, आणि त्याचा सल त्यांना राहिला. तो डाग झाकून मी त्यांचे चरित्र सांगणार नाही. माफी मागू शकणाऱ्या माणसाविषयी निदान आपण तरी खरे लिहावे.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते वारले. वय अवघे अठ्ठेचाळीस. जन्मभर ज्यांच्याशी मतभेद झाले ते टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात त्यांनी गोखल्यांचा गौरव केला.

आता दोन वर्षांपूर्वीचे सांगते. आमच्या सोसायटीत एका मुलाची सायकल गेली. संध्याकाळच्या पाळीच्या वॉचमनला तसली सायकल नेताना पाहिले, असे मी शेजारणीकडून ऐकले आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून टाकले. पाहिले मी नव्हते. दोनशे घरांचा ग्रुप. दोन दिवसांत त्या माणसाला कामावरून काढले. आठवड्याने सायकल दुसऱ्या विंगच्या जिन्याखाली सापडली. तिथल्याच एका पोराने नेऊन ठेवली होती.

मी त्या वॉचमनला फोन करून माफी मागितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला की ताई, हे मला सांगून काय उपयोग, ग्रुपवर लिहिले होते तर ग्रुपवरच लिहा. शेजारच्या बिल्डिंगमध्ये त्याच्या गावची माणसे कामाला होती आणि तो चोर आहे हे गावापर्यंत पोचले होते.

चार दिवस माझा हात उचलला गेला नाही. दोनशे घरांपुढे मूर्ख ठरायचे म्हणजे काय, ते त्या चार दिवसांत कळले. तेव्हा गोखले आठवले, आणि मी त्यांच्याविषयी मुद्दाम वाचले. पाचव्या दिवशी लिहिले. मी न पाहता लिहिले, ते खोटे निघाले, त्या माणसाची मी माफी मागते. कोणीतरी लगेच विचारले की तुला सांगितले कोणी? ते मी सांगितले नाही. लिहिणारी मी होते. तो माणूस आमच्याकडे परत आला नाही, त्याला तोवर दुसरीकडे काम मिळाले होते. पगाराचे जे दिवस बुडाले ते मी भरून दिले, बाकीचे भरून देण्यासारखे नव्हते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या १९९५च्या बॅचचाही ग्रुप आहे. रोज सकाळी सुप्रभातबरोबर कोणाच्या तरी नावाने काहीतरी येते आणि आपण ते पुढे ढकलतो. पुढे ढकलण्याआधी निदान एकदा तपासू या. आणि चुकलेच, तर माफी खासगी मेसेजमध्ये नको, त्याच ग्रुपवर मागू या. हे मी प्रथम स्वतःला सांगते आहे.

जाता जाता, गणिताच्या सरांसाठी. सर, नववीच्या सहामाहीत प्रमेयाला मला जे पाच गुण मिळाले होते, ती आकृती माझी नव्हती, पुढच्या बाकावरून पाहिली होती. पुढच्या बाकावर कोण होते ते सांगणार नाही.