विश्लेषण : चांद्याचा कोळसा शोधणाऱ्या ब्लॅनफर्ड यांच्या नोंदी वानर-माकडांसाठी आज महत्त्वाच्या का?

जंगल कमी झाले की वानर-माकडे गावात येतात, हे चंद्रपूर-गडचिरोलीकरांना नवीन नाही. पण कोणती प्रजाती मुळात कुठे होती, हे कसे ठरवणार? त्यासाठी अभ्यासक जुन्या नोंदी पाहतात. त्यातले एक मोठे नाव म्हणजे विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड.

कोण होते ब्लॅनफर्ड?

ब्लॅनफर्ड यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८३२ रोजी लंडनमध्ये झाला. रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकून १८५५ मध्ये ते धाकटे भाऊ हेन्री यांच्यासह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात आले. पहिले काम मिळाले ते ओडिशातील तालचेर कोळसा क्षेत्राचे.

चंद्रपूरशी संबंध काय?

१८६० च्या दशकात त्यांनी मध्य भारतात सर्वेक्षण केले. चांदा परिसरातील कोळशाच्या थरांवरील त्यांचा अहवाल १८६८ चा. मात्र खडक तपासताना ते पक्षी-प्राणीही टिपत होते. जेर्डनचा धाविक हा दुर्मीळ पक्षी त्यांनी गोदावरी खोऱ्यात, आजच्या गडचिरोलीतील सिरोंचाजवळ नोंदवला. पुढे हा पक्षी नामशेष मानला गेला आणि १९८६ मध्ये आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात पुन्हा सापडला.

माकडांचे काय?

१८८२ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी भारतातील प्राण्यांवरील ग्रंथमालेचे संपादन केले. सस्तन प्राण्यांवरचा खंड (१८८८-९१) त्यांनी स्वतः लिहिला. त्यात कोणते वानर, कोणते माकड कोणत्या भागात आढळते, याची नोंद आहे.

आज त्याचा उपयोग काय?

आपल्याकडे काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर, माकड वेगळे. माकडांतही दोन प्रकार आहेत. लाल तोंडाचे, आखूड शेपटीचे ऱ्हीसस उत्तरेकडचे, तर डोक्यावर टोपीसारखे केस असलेले माकड दक्षिणेचे. पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी ही दोघांमधली ढोबळ सीमा मानली जाते. गेल्या काही दशकांत ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत असल्याचे आणि टोपीवाल्या माकडाचा प्रदेश आक्रसत असल्याचे संशोधकांना आढळले आहे. माकडे पकडून दुसरीकडे सोडणे, हेही त्यामागचे एक कारण. जुनी सीमा नोंदलेली असल्यामुळेच हा बदल लक्षात येतो.

मर्यादा कोणत्या?

ब्लॅनफर्ड यांच्या ग्रंथात प्रजाती कुठे आढळते हे कळते, संख्या किती हे नाही. त्यामुळे तेव्हाच्या तुलनेत किती घट झाली, हे त्यावरून सांगता येत नाही. आज कळप, त्यातील नर-मादी आणि पिल्ले मोजून ठेवली, तरच पुढच्या पिढीला ही तुलना करता येईल.

विरोधाभास काय?

२३ जून १९०५ रोजी लंडनमध्ये ब्लॅनफर्ड यांचे निधन झाले. त्यांनी तपासलेल्या कोळशाच्या पट्ट्यात वरोरा, घुग्घुस, बल्लारपूर येथे खाणी झाल्या आणि खाणींसाठी जंगलही गेले. कोळसा कुठे आहे हे सांगणाऱ्या माणसानेच तिथल्या प्राण्यांची नोंदही ठेवली. उपयोग मात्र आधी कोळशाच्या नोंदीचा झाला.