रुग्णाची भाषा शिकलेला शल्यविशारद

चीनमध्ये आजही आदराने घेतल्या जाणाऱ्या भारतीय नावांत डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव अग्रभागी आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेल्या कोटणीसांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. महाविद्यालयात झाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या जनरल चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. त्याला प्रतिसाद म्हणून, सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून रवाना झाले. नागपूरचे डॉ. चोळकर आणि तरुण कोटणीस हे त्यातील दोन मराठी डॉक्टर.

शस्त्रक्रियेचे ज्ञान कोटणीसांनी सोबत नेले होते. जखमी शेतकरी-सैनिकाची विचारपूस करण्याची भाषा मात्र तेथेच शिकावी लागली. दुभाष्याच्या आधारे निदान करता येते. पण रुग्णाचा विश्वास संपादन करणे अवघड असते. कोटणीसांनी चिनी भाषा बोलण्यापुरती नव्हे, तर लिहिण्या-वाचण्याइतकी आत्मसात केली. पुढे ते चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शल्यशास्त्र शिकवू लागले आणि त्या विषयावरील पाठ्यपुस्तकही त्यांनी चिनीतच लिहिले.

चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता आली, तरी ते परतले नाहीत. रक्तदोषाने १९३९ मध्ये मृत्यू पावलेले कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये त्यांच्याकडे आली. डोंगराळ युद्धक्षेत्र, औषधांची टंचाई आणि शत्रूचे छापे यांतच त्यांचे काम चाले. त्याच वर्षी परिचारिकांच्या शिक्षिका कुओ चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन.

अपस्माराने ग्रासलेले असूनही त्यांनी विश्रांती घेतली नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपटाद्वारे त्यांची कहाणी घरोघरी पोहोचवली. त्यांची समाधी चीनमधील शिच्याच्वांग येथे आहे.

अनेक भाषांचे, अनेक प्रांतांचे रुग्ण एकाच बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या महानगरांसाठी या चरित्राचा अर्थ आजही ताजा आहे. परक्या रुग्णाने आपली भाषा शिकावी, अशी अपेक्षा कोटणीसांनी धरली नाही. ते कष्ट डॉक्टरने घ्यावयाचे असतात, हे त्यांनी कृतीतून दाखवून दिले.