विश्लेषण : हेल्मेट घेताना ‘आराम’ का पाहायचा? लॉरेन्सवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी काय शोधले?

नवी बाइक घेताना मायलेज, सर्व्हिसिंग, ईएमआय अशी सगळी चौकशी होते. हेल्मेट मात्र हाताला लागेल ते घेतले जाते. मग ते कपाळाला रुतते, पावसात काचेवर वाफ धरते आणि पंधरा दिवसांत डोक्यावरून कोपरावर येते. हेल्मेट डोक्यावर राहिले तर नेमके काय होते, हे आकड्यांनिशी पहिल्यांदा दाखवणाऱ्यांत सर ह्यू केर्न्स या मेंदूशल्यविशारदाचे नाव आघाडीवर आहे. त्यांच्या कामातून आजच्या खरेदीलाही बरेच शिकता येते.

ह्यू केर्न्स कोण होते?

जन्म १८९६ चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी या गावचा. अ‍ॅडलेडमध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू असतानाच पहिले महायुद्ध पेटले आणि ते साधे सैनिक म्हणून लष्करी वैद्यकीय दलात गेले. पदवी १९१७ मध्ये मिळाली. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात आले. तिथे अभ्यासाबरोबर वल्ही मारण्यातही ते पुढे होते. १९२० च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतीत ते ऑक्सफर्डच्या बोटीत होते. पुढे १९२६-२७ मध्ये बोस्टनला हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली त्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचे धडे घेतले. परतल्यावर लंडन हॉस्पिटलमध्ये त्यांनी ही शाखा उभी केली.

लॉरेन्सचा अपघात कसा झाला?

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला माहीत असलेले टी. ई. लॉरेन्स वेगाचे वेडे होते. ब्रफ सुपीरियर ही त्या काळातली अत्यंत महागडी मोटारसायकल. त्यांनी एकामागून एक अशा सात वापरल्या. हवाई दलातून निवृत्त होऊन तीन महिनेही झाले नव्हते. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमधील आपल्या घराजवळ चढउताराच्या रस्त्यावर दोन सायकलस्वार मुले समोर आली. त्यांना चुकवताना लॉरेन्स फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. बोलावलेल्या तज्ज्ञांमध्ये केर्न्स होते. पण मेंदूला झालेली इजा शस्त्रक्रियेच्या पलीकडची होती. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी लॉरेन्स गेले.

या मृत्यूने केर्न्स हेलावले आणि त्यातून हेल्मेट आले, अशी सरळ गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. संशोधनाला लागणारी माहिती मिळाली ती पुढच्या महायुद्धात.

युद्धात काय दिसले?

ऑक्सफर्डमधील सेंट ह्यूज या मुलींच्या कॉलेजात १९४० पासून डोक्याच्या जखमांचे लष्करी रुग्णालय चालू झाले. केर्न्स त्याचे प्रमुख. तिथे रणांगणावरच्या जखमींबरोबर देशातल्याच रस्त्यांवर मोटारसायकलवरून पडलेले सैनिकही येऊ लागले. ते होते डिस्पॅच रायडर, म्हणजे लष्कराचे निरोप पोहोचवणारे मोटारसायकलस्वार. हवाई हल्ल्यांच्या भीतीने रात्री दिवे बंद, आणि निरोप तर तातडीचा.

केर्न्स यांनी ऑक्टोबर १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हिशेब मांडला. युद्धापूर्वीच्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर १,८८४ मोटारसायकलस्वार व त्यांचे सहप्रवासी दगावले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९. पेट्रोलचे रेशनिंग असूनही ही वाढ २१ टक्के होती. मृत्यूंमध्ये डोक्याच्या जखमांचा वाटा सर्वांत मोठा. उलट हेल्मेट घालून अपघात झालेले अवघे सात जण त्यांच्या पाहण्यात आले आणि सातही जगले. सातांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे कोणताही इंजिनीअर सांगेल. तरीही लष्कराने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्पॅच रायडरना कामावर हेल्मेट सक्तीचे केले. मग माहितीचा ओघ सुरू झाला. १९४३ च्या लेखात हेल्मेटधारकांच्या शंभराहून अधिक अपघातांचा अभ्यास होता; त्यासाठी आपटलेली हेल्मेटेही तपासली गेली.

हेल्मेट काम कसे करते?

या टप्प्यावर केर्न्स यांच्या सोबतीला ए. एच. एस. होलबोर्न हे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी जिलेटिनचा मेंदू करून पाहिला आणि १९४३ मध्ये मांडले की कवटी झटक्यात गोल फिरली तर आतला मेंदू मागे राहतो, पिळवटतो आणि इजा होते. सरळ धक्क्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, हा पीळ घातक. आज काही महागड्या हेल्मेटांत अस्तराखाली किंचित सरकणारा थर असतो तो याच पिळासाठी.

सरळ धक्क्याचे काम थर्माकोलसारखा पांढरा थर करतो. बाहेरचे कवच मार पसरवते, आतला थर चेपून डोके थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळवून देतो. हा थर एकदाच चेपतो. म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलायचे आणि कोणाचे जुने विकत घ्यायचे नाही. आरशावर अडकवून ठेवले तरी आतल्या थराला खळगा पडतो, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

मग खरेदी करताना काय पाहायचे?

आयएसआय चिन्ह, म्हणजे आयएस ४१५१ हे मानक, ही पहिली अट. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी बिगर-आयएसआय हेल्मेट बनवणे, विकणे हाच गुन्हा आहे. तरी रस्त्याकडेला ती मिळतात.

त्यानंतर माप. भुवयांच्या थोडे वर टेप धरून डोक्याचा घेर मोजावा, पण विश्वास टेपवर नव्हे, घालून पाहण्यावर ठेवावा. गालाच्या गाद्या गाल थोडे दाबतील इतक्या घट्ट हव्यात. नव्या हेल्मेटच्या गाद्या काही दिवसांत सैलावतात. मान डावी-उजवीकडे हलवली की कपाळाची कातडीही सोबत हलली पाहिजे, हेल्मेट एकटेच फिरता कामा नये. पट्टा लावून मागून पुढे ढकलून पाहावे. निघून आले तर ते अपघातातही निघेल. दुकानदार कंटाळला तरी १५-२० मिनिटे डोक्यावर ठेवावे. कपाळावर एकाच जागी ठणकू लागले तर माप बरोबर असूनही आकार चुकला आहे. डोकी कुणाची लांबट असतात, कुणाची गोल.

आरामाच्या सोयींत आपल्या हवेला सर्वांत उपयोगी म्हणजे काढून धुता येणारे अस्तर. घाम आणि तेल मुरलेले हेल्मेट कोणी आनंदाने घालत नाही. हवेची छिद्रे पुढे असून चालत नाही, मागे बाहेर पडायला वाटही हवी. पावसाळ्यासाठी काचेच्या आतून बसणारी वाफरोधक पट्टी घ्यावी. चष्मा असेल तर तो घालूनच हेल्मेट पाहावे. गडद काच रात्री धोक्याची. जड हेल्मेट लांबच्या प्रवासात मानेवर येते. ब्लूटूथ वगैरे मात्र सर्वांत शेवटी.

केर्न्स यांचे पुढे काय झाले?

केर्न्स यांना १९४६ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. त्याआधी डिसेंबर १९४५ मध्ये मोटार अपघातात मानेला जबर दुखापत झालेल्या अमेरिकी जनरल पॅटन यांच्यासाठी त्यांना तातडीने जर्मनीत हायडेलबर्गला नेले होते. पॅटन वाचले नाहीत. १९४६ मध्येच हेल्मेटवरचा पुढचा लेख आला. लष्करातली सक्ती नागरिकांपर्यंत मात्र पोहोचली नाही. १८ जुलै १९५२ रोजी कर्करोगाने ऑक्सफर्डमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. चेपणाऱ्या फोमच्या हेल्मेटचे अमेरिकी पेटंट पुढच्या वर्षी निघाले. ब्रिटनमध्ये सर्व मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले ते १९७३ मध्ये.